आधी ग्रुपवर

मेथी निवडता निवडता कुंदाने फोन उघडला. माहेरच्या गावच्या ग्रुपवर तिच्या वडिलांचा, आबांचा, हार घातलेला फोटो होता. फोटो तिच्याच लग्नातला. कुणीतरी तिला कापून काढलं होतं. आबांच्या खांद्यावर चुडा भरलेला हात तेवढा राहिला होता. खाली श्रद्धांजलीची रांग लागली होती.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, आबांची तब्येत जरा जास्त आहे," तो घसा खाकरून म्हणाला. "घाबरू नकोस, पण लगेच निघ. भाऊजींना घेऊनच ये."

एवढा लांबचा प्रवास तिला झेपावा म्हणून तो खोटं बोलत होता. कुंदाला त्याचं मन मोडवेना.

"निघतेच," ती म्हणाली. "आबांना सांग, मी येतेय."

"सांगतो," तो म्हणाला.