खाणीतला म्हसोबा

शैलाबाईंनी पोकलेनच्या पुढ्यात खाडकन नारळ फोडला आणि ड्रायव्हरने घाबरून इंजिनच बंद केलं.

पाणी उडालं ते थेट हेर ब्रेनरच्या पँटवर. हेर म्हणजे जर्मन भाषेत श्रीयुत; हा ब्रेनर गावच्या बांधकाम खात्याचा साहेब. ओटोचा डोंगर पाडायला आला होता. त्याने पँटकडे पाहिलं, मग शैलाबाईंकडे, मग मोहनकडे. तिघांपैकी कोणाला जाब विचारायचा, ते काही ठरेना.

ओटो लांग हा मोहनचा शेजारी. जन्मभर लोकांच्या घरांवर कौलं चढवली आणि रिटायर झाल्यावर गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वाळूच्या खाणीत जाऊन बसला. गाव त्या खाणीला वाळवंटच म्हणतं. तिथे ह्या पठ्ठ्याने चिखल, पेंढा आणि लोकांनी टाकून दिलेले रंग घेऊन दोन मजली डोंगर उभा केला. कोणाकडे शिकला नाही, कोणाला विचारलं नाही. नोहाची नौका म्हणजे जुना बाथटब. उंट असे, की लांबून आखूड पायांचे डाशहुंड कुत्रे वाटावेत. येशूचे बारा शिष्य गावच्या फुटबॉल टीमसारखे पोट सुटलेले. सगळ्यात वर क्रूस. जर्मनीत खिडकीला वेगळा रंग द्यायचा तरी परवानगी लागते, आणि हा डोंगर बांधून मोकळा!

आदल्या दिवशी खात्याची माणसं येऊन पायथ्याच्या दगडांवर नारिंगी स्प्रेचे जाडजूड ठिपके मारून गेली होती. इथपासून आत सगळं पाडायचं, ही खूण.

शैलाबाई मोहनच्या सासूबाई, नुकत्याच कराडहून आल्या होत्या. डोंगर पडायच्या आधी आईंना दाखवावा, म्हणून त्याने सकाळी त्यांना आणलं. देवाचा डोंगर म्हटल्यावर त्या पिशवीत नारळ, उदबत्ती घेऊनच निघाल्या. पायथ्याशी आल्या आणि झटकन चपला काढल्या.

"अगंबाई! अहो मोहनराव, आधी नाही का सांगायचं? शेंदूर लावलाय की! नाक नाही, डोळे नाहीत, आणि बसलाय बरोब्बर शिवेवर. म्हसोबाच हा!"

मोहनने खरं सांगायला तोंड उघडलं. समोर पोकलेन दिसला. तोंड मिटलं.

"हो आई," तो म्हणाला. "फार जागृत आहे."

खोड्या काढण्यात मोहनची हयात गेली होती, पण इतकी आयती खोडी कधी हाती लागली नव्हती. मग तो नारळ फुटला.

"ह्या बाई काय करतायत?" हेर ब्रेनरला शेवटी कंठ फुटला.

"पूजा. ते दगड आमचे देव आहेत."

"पण तो रंग काल आम्हीच लावला!"

"गेनाऊ! अगदी बरोबर! त्याबद्दल त्या तुमचे आभार मानतायत."

"मोहनराव," शैलाबाई म्हणाल्या, "ह्या बाप्याला सांगा, पँट पुसू नको म्हणावं. तीर्थ आहे ते."

"काय म्हणतात त्या?"

"त्या विचारतायत, तुमच्या नावाचं स्पेलिंग काय? पेपरवाल्यांना सांगायचंय."

हेर ब्रेनर फोन घेऊन बाजूला गेला. फुटबॉलचा वर्ल्ड कप नुकताच इथे जर्मनीत पार पडला होता. पाहुण्यांशी गोड वागायचं, हे सबंध देशाला महिनाभर पढवलेलं. फोनवर तो पाच वेळा "या, या", म्हणजे हो, हो, म्हणाला आणि हसतच परत आला.

"आल्झो, तर मग. वरून सांगितलंय, आउसलेंडरांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या देवाला हात लावायचा नाही. हे नारिंगी दगड राहतील."

मोहनने टाळीसाठी हात पुढे केला.

"बाकीचा डोंगर आपल्या देवाचा," हेर ब्रेनर म्हणाला. "आपल्या देवाला परवानगी लागते. ती नाहीये. तो पडणार."

मोहनचा हात हवेतच राहिला. खोडी उलटली होती. आता ओटोच्या वाळवंटात ओटोचं काहीच उरणार नव्हतं, उरणार होते ते नुसते म्हसोबा. आणि ओटो मागेच उभा होता. हा तोच ओटो, ज्याने मोहनच्या हॉलमधला गणपती पाहून आख्खी दुपार समजावलं होतं, की देव एकच, दुसऱ्यापुढे वाकायचं नाही. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"ओटो," मोहन पुटपुटला, "चुकलं रे. मी मस्करीत…"

ओटोने ऐकलंच नाही. तो सरळ पोकलेनपाशी गेला आणि हात पुढे केला. ड्रायव्हरने सीटखालून नारिंगी स्प्रेचा डबा काढून त्याच्या हातात ठेवला आणि मन लावून आभाळ बघायला लागला.

ओटो डोंगर चढू लागला. बाथटब नारिंगी झाला. उंट नारिंगी झाले. एकेक शिष्य पोटापासून डोक्यापर्यंत शेंदरी झाला. खाली शैलाबाईंना भरून आलं. "बाई बाई, केवढी ही भक्ती! शिका काही, मोहनराव!"

ओटो क्रूसापाशी पोचला आणि थांबला.

"ओटो, तो राहू दे!" मोहन कळवळून ओरडला. "त्याला नको!"

"हेर लांग!" हेर ब्रेनरचाही आवाज चढला. "तो देव आपला आहे!"

ओटोने डबा खडखड हलवला आणि क्रूस वरपासून खालपर्यंत रंगवून काढला.

"आपला?" तो वरून गरजला. "बेथलेहेमचा आहे तो! आउसलेंडर!"