दहावा छापा

नालवाडीतल्या आमच्या सामायिक छपाई स्टुडिओत मोनालीनं आणि मी मिळून एक लाकडी ठसा कोरला. विहिरीच्या काठावर, आत पाय सोडून शेजारी-शेजारी बसलेल्या आम्ही दोघी. तिनं मला कोरलं, मी तिला. दोघींचे हात आपापल्या मांडीवर.

त्या एकाच ठशावरून दुपारी दहा छापे काढले आणि दोरीवर वाळत घातले. वाळल्यावर मी ते ओळीनं बघत गेले.

पहिले तीन ठीक होते. चौथ्यात मोनालीचा एक हात मांडीवर नव्हता. सहाव्यात तो माझ्या पाठीमागे दिसला. आठव्यात पाठीवर टेकला होता. नवव्यात माझा तोल पुढे गेला होता.

दहाव्यात ती काठावर एकटीच बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

मी ठसा पुसून पाहिला. त्यात आम्ही दोघी होतो, कोरल्या तशाच.

"नागपूरच्या प्रदर्शनाले कोणता पाठवाचा?" स्टुडिओ सांभाळणाऱ्या नागसेनदादांनी विचारलं.

मी मोनालीकडे पाहिलं. बारा वर्षांची मैत्रीण. ती दोरीच्या कडेनं सावकाश चालत गेली. नवव्यापाशी जरा थांबली, मग पुढे झाली.

"हा पाठवा," दहावा उतरवत ती म्हणाली. "हाच बरोबर आला."

"मोनाली, त्याच्यात मी नाई."

"दिसून राह्यलं न मले."

छाप्याखाली आम्ही दोन सह्यांपुरती जागा ठेवली होती. तिनं पेन्सिल घेतली आणि मधोमध सही केली.