सगळ्यांनी मिळून

नाटकातून कुमुदला मिळण्यासारखं फारसं काही नव्हतं. नाव होणार नव्हतं, कारण जाहिरातीत कोणाचंच नाव छापायचं नाही असं ठरलेलं. छत्तिसाव्या वर्षी लग्न जमण्याची आशा ती स्वतःही धरत नव्हती. पदरात पडत होतं ते एवढंच, की दर रविवारी दुपारी तीन ते सहा रेवदंड्यातले सात पुरुष तिला नुसतं ‘कुमुद’ म्हणत. बाकी आठवडाभर ती मुलींच्या शाळेतली बाई होती. शाळेत बाई, बाजारात बाई. आणि आई गेल्यापासून घरात हाक मारायलाच कोणी नव्हतं. व्यवहारी माणसाला हा सौदा किरकोळ वाटेल. ती मात्र रविवारचं जेवण उभ्याउभ्याच उरकायची.

ही पद्धत यज्ञेश्वरची. हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा यज्ञेश्वर अठ्ठावन्नच्या मे महिन्यात मुंबईला एका शिबिराला गेला आणि रेवसच्या बोटीने परतला तो नवं नाटक घेऊन. नव्या नाटकात लेखक नाही, दिग्दर्शक नाही, कोणी मोठा नाही. सगळ्यांनी गोल बसायचं, एकमेकांना अरे-तुरे करायचं, नाटक सगळ्यांनी मिळून रचायचं. एकदम कालवा नको म्हणून एक नारळ. ज्याच्या हातात नारळ, त्यानेच बोलायचं. नारळ बापूच्या वाडीतला. बसायची जागाही बापूचीच, सुपारीची कोठी. पण इथे बापू मालक नाही, हेही ठरलेलं. बापू ते दर रविवारी न चुकता बोलून दाखवी.

सात महिन्यांत नाटक उभं राहिलं. खाडीपलीकडे साळावला जायला निघालेले आठ उतारू, आणि न येणारी होडी. ज्याने त्याने आपला उतारू आपणच घडवलेला. कुमुदची होती बोचकं घेतलेली एक बाई. ती अख्खं नाटक गप्प बसते आणि शेवटी एकच वाक्य बोलते, ‘पलीकडे मला कोणी ओळखत नाही, म्हणून जायचंय.’ तालमीत त्या वाक्यानंतर कोणी खोकतसुद्धा नसे.

त्या रविवारी अलिबागेचं बोलावणं आलं होतं. मोठा मंडप, हजारभर माणसं. काय कसं करायचं ते ठरवायला नारळ फिरू लागला.

बापूने सुरुवात केली. कुमुद, तुझ्यासारखं काम आमच्यात कोणाचं नाही, तो म्हणाला. पण घरच्या कोठीतली गोष्ट वेगळी, मंडपातली वेगळी. लोकांची तोंडं थोडीच धरता येतात? पोस्टातल्या शिवदासचं तर काहीच म्हणणं नव्हतं. फक्त शाळेच्या कमिटीतली माणसं पहिल्या रांगेत बसणार, आणि कुमुदताईंच्या नोकरीचा विचार आपण नाही करायचा तर कोणी? पुढच्या तिघांचंही काही म्हणणं नव्हतं. पहिल्याला फक्त शिवदासचा उतारू गाळता येण्यासारखा वाटला, दुसऱ्याला शिवदासला लुगडं शोभेलसं वाटलं. त्यातल्या तिसऱ्याच्या तोंडी ती ‘बाई’ झाली. बाईंचं भलं बघायला हवं, एवढं बोलून त्याने नारळ निखारा असल्यासारखा पुढे सरकवला. तिने काम करू नये असं एकानेही म्हटलं नव्हतं. तरी ते काम आता शिवदासकडे गेलं होतं.

नारळ कोळीवाड्यातल्या नामाकडे आला.

‘आमच्या होडीवं तांडेल आसतो,’ तो म्हणाला. ‘त्यो सांगंल तसं वल्हवायचं. पन होडी बुडली तं शिव्या कोनाला द्यायच्या ते ठावं आसतं. हितं कोनाला धरायचं?’

सगळे हसले. नामाने गंमत केली नव्हती. पण सगळे हसताहेत म्हटल्यावर तोही हसला आणि त्याने नारळ यज्ञेश्वरला दिला.

कुमुद इतका वेळ यज्ञेश्वरकडेच बघत होती. त्याने एक शब्द टाकला असता तर बाकीचे सहा निमूट बसले असते, हे त्या सहांनाही माहीत होतं. यज्ञेश्वरने नारळाची शेंडी नीट केली.

‘मी इथे आठांतला एक,’ तो म्हणाला. ‘मी वेगळं सांगितलं की झालो मी दिग्दर्शक. मंडळाचं मत तेच माझं.’

बोलणं तत्त्वाला धरून होतं. तत्त्व इतक्या वेळेवर क्वचितच कामी येतं.

नारळ कुमुदच्या हातात आला.

‘नको असं कोण म्हणालं?’ तिने विचारलं. ‘एकाने सांगा. मी ऐकेन.’

नारळ तिच्याकडे होता, तेव्हा नियमाप्रमाणे कोणाला बोलता येईना. बाहेर वाडीला पाणी लागलं होतं, रहाटाची कुरकुर ऐकू येत होती. बराच वेळ थांबून तिने नारळ मधोमध जमिनीवर ठेवला. आता कोणालाही उचलता आला असता. कोणी उचलला नाही.

पुढचे दोन रविवार बोचकं कसं धरायचं, किती थांबायचं, ते शिवदासला तिनेच शिकवलं. शिवदास तिला अहो-जाहो करत होता. नियम मोडतोय असं कोणाला वाटलं नाही.

अलिबागेला ती गेली नाही. शिवदासच्या तोंडी ते शेवटचं वाक्य आलं आणि मंडपात हशा पिकला म्हणे. तरी नाटकाची वाहवा झाली, आणि ती सगळ्यांनी सारखी वाटून घेतली.

नाटकापायी कोणाला काय सोसावं लागलं, यावर रेवदंड्यात महिनाभर बोलणं चाललं. शिवदासने वडील हयात असताना मिशी उतरवली होती. केवढं मोठं मन! नाटकाची खरी किंमत मोजली ती शिवदासने, यावर गावात दुमत नव्हतं. शाळेतल्या बाईंना कोणी विचारलं, तर त्याही हो म्हणाल्या.