उभी गाडी

“ताई, जी गाडी उभी आहे असं आपण म्हणतो, ती खरंच उभी आहे ना, ते आधी बघायचं.”

विज्ञानाचे जुने सर जाऊन सहा वर्षं झाली. तरी शाळेच्या प्रयोगशाळेत त्या दोन छोट्या लाकडी गाड्या टेबलावर मांडताना शिपाईणबाईंना हे वाक्य हटकून ऐकू येई. आज ते पोलीस ठाण्यात ऐकू आलं. फौजदारांनी पुढे सरकवलेल्या जबाबात लिहिलं होतं: रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर स्कूटर भरधाव वेगाने समोरून येऊन आदळली.

स्कूटर बाईंच्या लेकीची. लेक दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये. धडकेचं तिला काहीएक आठवत नव्हतं. “आई, सगळे म्हणतात माझीच चूक. असेलही. तू बघून सांग,” ती म्हणाली होती. “बघून सांगते,” असा शब्द बाईंनी दिला होता.

“करा सही, मावशी,” शेजारच्या खुर्चीतून ट्रकमालक म्हणाला. “हल्लीच्या पोरी, कानात वारं शिरल्यासारख्या चालवतात. माझा ट्रक बिचारा जागचा हललासुद्धा नव्हता.”

बाईंनी पेन उचललं नाही. पिशवीतून दोन्ही गाड्या काढल्या, फौजदारांचा चहाचा ग्लास अदबीने बाजूला केला आणि मोठीवर लोखंडी वजन ठेवलं. लहानीच्या तोंडाला मेणाचा गोळा दाबून बसवला.

“हे काय नवीन?” फौजदार म्हणाले.

“पत्रा चेपतो, साहेब. रबरासारखा उसळत नाही. म्हणून मेण.” मग त्या मालकाकडे वळल्या. “मोठी उभी आहे. लहान तुम्ही सोडा. अंगात असेल तेवढा जोर लावून.”

मालकाने हसत हसत गाडी ढकलली. ठप्प. मेण चेपलं. लहान गाडी जिथे आदळली तिथेच थबकली. मोठी नखभर सरकली असेल, नसेल.

“आता उभी कुणीच नाही.”

बाईंनी दोन्ही हातांनी दोन्ही गाड्या समोरासमोर सोडल्या. धडक होताच, ब्रेक दाबावा तशी मोठी तळव्याने अडवली. लहान मात्र आली त्याच वाटेने उलटी फेकली गेली, फाइलवरून घसरली आणि टेबलाच्या कडेवरून थेट मालकाच्या मांडीवर पडली.

“काच सांडली तिथे धडक झाली,” बाई म्हणाल्या. आवाज देवापुढे बोलावं तितकाच. “तिथून स्कूटर एकोणीस पावलं मागे सापडली. ती येत होती त्याच बाजूला. पावलं तुम्हीच मोजलीत, साहेब, पंचनाम्याच्या नकाशात लिहिलीत. उभ्या ट्रकने तिला एवढं मागे नेलं कसं?”

“आता ही बाई आपल्याला विज्ञान शिकवणार!” मालक उसळला.

“मी नाही शिकवत. मी नुसतं मांडून देते. बावीस वर्षं तेच करते.”

फौजदारांनी नकाशा जवळ ओढला. बराच वेळ त्यांचं बोट काचेपासून स्कूटरपर्यंत आणि स्कूटरपासून काचेपर्यंत फिरत राहिलं. मग मान वर न करता ते मालकाला म्हणाले, “तुमच्या ड्रायव्हरला बोलवा. आत्ता.” आणि बाईंना, “त्या गाड्या इथेच राहू द्या. वरच्या साहेबांना दाखवतो.”

“नाही हो जमायचं. तिसऱ्या तासाला नववीला लागतात. साहेबांना बघायचंच असेल तर शाळेत पाठवा. मागचं बाक रिकामं असतं.”

सही नसलेला कागद त्यांनी होता तसा टेबलावर ठेवला. मालकापुढे हात केला, त्याने मांडीवरची गाडी दिली. चेपलेलं मेण त्यांनी पुसलं नाही. पदराने वजन तेवढं पुसलं, सगळं पिशवीत भरलं आणि बाहेर पडल्या.

शाळा उजवीकडे होती. बाई डावीकडे वळल्या. तिसऱ्या तासाला अजून अवकाश होता, आणि दवाखान्यात लेकीच्या खाटेवर जेवणाचं सरकतं टेबल होतं. तेवढी जागा पुरणार होती.