छबुबाईंचा आवाज

पुण्याहून आलेल्या फोटोग्राफरला बीड शहरातल्या साध्या माणसांचे चेहरे आणि आवाज गोळा करायचे होते. बस स्टँडसमोर हातगाड्यावर भजी तळणाऱ्या छबुबाई त्याला फार आवडल्या. कॅमेरा समोर येताच त्या पदर सारखा करून हसल्या.

"हसू नका मावशी. चेहऱ्यावर जरा कष्ट दिसू द्या."

छबुबाईंनी जमतील तेवढे कष्ट दाखवले. मग त्याने माइक पुढे धरला. नवरा गेल्यावर एकटीने हा गाडा कसा ओढला, ते त्या सांगत राहिल्या. बोलण्याच्या नादात भज्यांचा एक घाणा करपला.

महिन्याभराने शहरातल्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला मोठे पुढारी येणार होते. त्यांचा ताफा स्टँडसमोरून जाणार म्हणून सकाळीच रस्ता मोकळा केला गेला. ट्रॅक्टर आला आणि छबुबाईंचा गाडा कढईसकट उचलून घेऊन गेला.

छबुबाई तरातरा हॉलवर पोचल्या. भिंतीवर त्यांचा माणसाएवढा फोटो होता. त्यासमोर पुढारी कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून उभे होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"सायेब, माजा गाडा उचलून नेलाय वो! तुमच्या गाड्यांसाटी. तेवडा सोडायला सांगा की."

पुढाऱ्यांनी डोळे न उघडताच एका कानावरचा हेडफोन जरासा सरकवला.

"मध्येमध्ये बोलू नका हो बाई. ही मावशी काय सांगतेय, ते ऐकू द्या जरा."