इंग्रजीपुरती शांतता

"आक्का, परत तेच. आवाज फार हाय म्हणतो," उन्नतीने मोबाइल खाली ठेवला. "आता एकच डाव उरला."

विद्यापीठाची इंग्रजी बोलायची परीक्षा. कॉलेजात कॉम्प्युटर कमी, म्हणून घरूनच द्या म्हणाले. मोबाइलवर प्रश्न येणार, पोरांनी बोलायचं आणि मशीन मार्क देणार. पास झाली तरच नोकरीच्या मुलाखतीला बसवणार. परीक्षा काढणाऱ्याने कामतघरची गल्ली काही बघितली नसावी. दोन्ही अंगांना पॉवरलूमचे कारखाने, मध्ये आक्काचं घर.

आक्का उठली. नात नको नको म्हणत होती, तरी शेजारच्या कारखान्यात शिरली.

"केसरीनाथ, लूम बंद कर. माझ्या नातीची परीक्षा हाय."

"आक्का, शिफ्ट चालू हाय. अशी कशी बंद करू?"

"जागा कोनाची हाय? तुझ्या बापाने माझ्या सासऱ्याचे पाय धरले, तवा ह्यो पत्रा चढला. कर बंद. आनि पलीकडच्यालाबी सांग."

लूम थांबले. गल्ली मुकी झाली. आक्का आपल्या घराच्या दारात येऊन उभी राहिली, मान ताठ.

आत उन्नती बोलायला लागली. आक्काला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण पोरगी अडखळत नाही, एवढं कळत होतं. आक्काने पदर सारखा केला.

तेवढ्यात गल्लीत चपला वाजल्या. कारागीर डोक्याला रुमाल बांधत बाहेर आले. शेजारणी निघाल्या. पंखे चालू, म्हणजे वीज आहे, आणि तरी लूम बंद, असं या गल्लीत कोणी गेल्यावरच होतं. सगळ्यांच्या पुढे सीताबाई. दारात आक्का एकटीच उभी दिसली आणि तिने हंबरडा फोडला.

"कोन गेलं गो, आक्का?"

आक्काने झेप घेऊन तिचं तोंड दाबलं. पण मागच्या बायकांनीही सूर धरला होता.

आतलं इंग्रजी थांबलं. उन्नती दाराशी आली. तिच्या हातात मोबाइल होता.

"बंद केली परीक्षा. दुसऱ्या मानसांचा आवाज आला म्हणे. नापास."

सीताबाईने डोळे पुसले. "म्हंजे... कोनी गेलं न्हाय?"

"अम्मा, मशीन चालू करें?" मागून एका कारागिराने विचारलं.

आक्काने नातीकडे पाहिलं नाही. दारातून बाजूला सरली आणि सीताबाईला वाट करून दिली.

"आलीस ना? बस आत. रड आता."