साहेबाचं वजन

आकडा आज पुन्हा खाली आला होता. ड्रायव्हरकाकांनी पोपटाच्या पिलाला काट्यावरच्या वाटीतून उचललं, काटा बंद केला, पुन्हा चालू केला, वाटी पुसली आणि पिलाला परत तिच्यात बसवलं. काटा कुणाची भीड ठेवत नाही. आकडा तोच.

"साहेब, असं करू नका," काका हळूच म्हणाले.

पिलाचं नाव साहेब, कारण घरात आल्यापासून ते दुसऱ्याच्या हातूनच जेवत होतं. काकांनी जन्मभर बस चालवली. एकदा उतारावर ब्रेक गेले, तेव्हाही त्यांचा हात हलला नव्हता. आता पिसांचा तो मूठभर गोळा मात्र ते दोन्ही हातांनी उचलत होते.

पिंजऱ्याखालचा कागद त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मुलीने शिकवलं होतं: शी हिरवी हवी, तिच्यावर पांढरं, भोवती थोडं पाणी. रंग ठीक दिसत होता. पण मागच्या आठवड्यात कागद भरून जायचा आणि आज नावाला चार ठिपके. भरडलेल्या धान्याच्या पेजेचा चमचा पुढे केला, तर साहेबाने मान फिरवली.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथून दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, वजन किती भरलं?"

"वाढलंय थोडं." कालही त्यांनी हेच सांगितलं होतं.

"आणि शी?"

"झकास."

"तुम्ही जेवलात का? काय खाल्लं?"

"जेवलो गं," म्हणून काकांनी फोन ठेवला.

खरं सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती. बायको गेल्यापासून घराची रयाच गेली होती. मुलगी कामावरून यायची, ताटातलं नुसतं चिवडायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मग एका संध्याकाळी ती खोक्यात हे उघडंबोडकं पिलू घेऊन आली. म्हणाली, "मला सकाळी धावपळ असते. याचं वजन आणि कागद तुम्ही बघायचा." त्या दिवसापासून ती बोलायला लागली. पिलाला भरवून झालं, की दोघांची पानं वाढून समोर बसायला लागली. साहेबाला काही झालं, तर पोरगी पुन्हा भिंतीकडे वळेल आणि या वेळी ती परत फिरायची नाही.

तेवढ्यात पिंजऱ्यात जोरात फडफड झाली. साहेबाने दांडी नखांनी गच्च धरली होती आणि तो वेड्यासारखा पंख आपटत होता. चोच उघडी, सगळं अंग हादरत होतं. मग तो एकाएकी थांबला आणि धापा टाकू लागला.

झटका, काकांना वाटलं. बायकोचा दवाखान्यातला पलंग त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्यांनी बुटांच्या खोक्यात टॉवेल अंथरला, साहेबाला आत ठेवलं, पिंजऱ्याखालचा कागद घडी करून खिशात घातला आणि चपला उलट्यासुलट्या घालून निघाले. वाटेत दर वळणावर झाकण उचलून तो श्वास घेतोय ना ते बघत होते.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी साहेबाच्या छातीचं हाड बोटाने चाचपलं. एकेक पंख उघडून पाहिला. कागद दिव्याखाली धरला.

"झटका आला तेव्हा दांडीवरून पडला का?"

"नाही. उलट दांडी सोडतच नव्हता."

बाईंनी साहेबाला काकांच्या तळहातावर ठेवलं. "काका, हा आजारी नाही. हा उडायला निघालाय. जड अंगाने उडता येत नाही, म्हणून या वयात पिलं आपणहून खाणं कमी करतात. वजन थोडं उतरतं, शीही कमी होते. ती फडफड म्हणजे त्याची तालीम. काटा बघत राहा, फार खाली गेला तर घेऊन या. आणि आता खिडक्या बंद ठेवत जा."

"म्हणजे मरणार नाही?"

"माझ्या हयातीत तरी नाही," बाई म्हणाल्या. काकांना हसू आलं आणि हसता हसता त्यांना बाकावर बसावं लागलं.

घरी पोचले, तर मुलगी दारातच उभी. कामाची वेळ संपली नव्हती. तिच्यामागे पिंजरा उघडा आणि रिकामा होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने खोक्याकडे पाहिलंच नाही. बाबांचा दंड धरला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"जिवंत आहे तो," काका घाईघाईने म्हणाले. "ठणठणीत आहे. उडायचं वय झालंय, म्हणून वजन उतरलं. मी तुझ्याशी खोटं बोललो, बाळ. तुला सोसायचं नाही असं वाटलं."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"वजन उतरतंय ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात, की मीही त्याला काट्यावर ठेवून बघायचे. पण तुम्ही खोटं सांगायला लागलात आणि माझं कामात लक्ष लागेना. म्हणून आज अर्ध्या दिवसाची सुटी टाकून आले."

"मग बोलली का नाहीस?"

तिने मनगटाने डोळे पुसले.

"आई गेल्यावर तुम्ही अंथरुणातून उठायचंसुद्धा सोडलं होतं. बाबा, साहेबाला मी माझ्यासाठी कुठे आणलं होतं?"